इंग्लंडच्या खेड्यातील साधे चर्च कसे पाहावे

इंग्लंडला मुलांकडे, शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त जाणारी मराठी माणसे वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल तिकीट काढून पाहतात, पण राहत्या घरापासून दोन-चार मैलांवर असलेल्या खेड्यातील चर्चचे दार ढकलून आत जायला संकोचतात. ते दार दिवसा बहुधा उघडे असते, आत जायला पैसे पडत नाहीत आणि येणाऱ्याचा धर्म कोणता हे कोणी विचारत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६,००० चर्च-इमारती आहेत. त्यांतील बहुसंख्य कायद्याने संरक्षित आहेत आणि फार मोठा भाग खेड्यापाड्यांत आहे. तेव्हा या देशाचा इतिहास प्रत्यक्ष दगडात पाहायचा असेल, तर त्यासाठी लांब जावे लागत नाही.

कॅथीड्रलमध्ये भव्यतेने माणूस थक्क होतो आणि तपशील निसटतात. खेड्यातील चर्च तास-दीड तासात शांतपणे पाहून होते, आणि बांधणाऱ्यांचा पैसा कुठे संपला, विचार कुठे बदलला, जुनेच सामान पुन्हा कुठे वापरले, हे सारे तिथे उघड दिसते. जुना वाडा जसा दर पिढीला एक खण वाढवत आणि एक दार बुजवत आजच्या रूपाला येतो, तसेच या इमारतींचे झाले आहे. म्हणून नवख्या माणसाने शैलींची नावे पाठ करण्याआधी भिंतीतले सांधे शोधायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. नावे आणि सने त्यानंतर आपोआप जागेवर बसतात.

निघण्यापूर्वी

पहिले काम नकाशाचे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या नकाशांवर प्रार्थनास्थळांच्या तीन खुणा असतात. नुसता काळा क्रूस म्हणजे मनोरा नसलेली इमारत, काळ्या चौकोनावर क्रूस म्हणजे मनोरा असलेली, आणि काळ्या वर्तुळावर क्रूस म्हणजे टोकदार शिखर, मिनार किंवा घुमट असलेली. याच नकाशावर सार्वजनिक पायवाटाही दाखवलेल्या असल्यामुळे शेतांतून चालत दोन-तीन गावांची चर्च एका दिवसात पाहण्याचा बेत घरबसल्या आखता येतो. खेड्याकडे जाणाऱ्या बस थोड्या असतात आणि रविवारी पुष्कळदा नसतातच, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

आजकाल एकच पाळक अनेक गावांची जबाबदारी सांभाळतो, त्यामुळे प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी उपासना होईलच असे नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या ‘अ चर्च नियर यू’ या संकेतस्थळावर उपासनेच्या वेळा दिलेल्या असतात. केवळ वास्तू पाहायची असेल तर रविवारची सकाळ टाळावी. उन्हाळ्यातील शनिवारी दुपारी लग्न असण्याचा संभव असतो, तेही ध्यानात ठेवावे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी अनेक परगण्यांत चर्चच्या दुरुस्तीनिधीसाठी लोक सायकलवरून किंवा पायी एका चर्चहून दुसऱ्या चर्चला जातात, आणि एरवी कुलूपबंद असणारी कित्येक दारे त्या दिवशी उघडतात. छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांच्या चोऱ्यांमुळे आणि मनुष्यबळाच्या अभावी काही चर्च बंद ठेवली जातात हे खरे, पण पोर्चमधल्या फलकावर किल्ली कोणाकडे मिळेल ते बहुधा लिहिलेले असते. त्या घरी जाऊन किल्ली मागण्यात गैर काही नाही. किल्ली सांभाळणारी व्यक्ती बहुधा गावातील वयस्कर स्वयंसेवक असते, आणि सोबत येऊन ती जे सांगते ते कोणत्याही पत्रकात छापलेले नसते.

सोबत एक छोटी विजेरी आणि शक्य असल्यास दुर्बीण घ्यावी, कारण छपराचे लाकूडकाम आणि खिडक्यांच्या वरच्या टोकांतील काचा नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. जाड दगडी भिंतींमुळे भर जुलैतही आत गारवा असतो, म्हणून स्वेटर असू द्यावा. स्वच्छतागृह मिळेलच असे गृहीत धरू नये.

आपल्याकडील सवयीमुळे पडणारा पहिला प्रश्न पादत्राणांचा असतो. चर्चमध्ये ती काढायची नसतात; शेतातून चालत आल्यामुळे बूट चिखलाने भरले असतील तरच ते पोर्चमध्ये ठेवावेत. पुरुषांनी टोपी काढण्याचा रिवाज आहे, स्त्रियांनी डोके झाकण्याची गरज नाही. छायाचित्रे घ्यायला सहसा कोणाची हरकत नसते, पण कोणी प्रार्थनेला बसले असेल तर कॅमेरा बाजूला ठेवावा.

फाटकापासून प्रदक्षिणा

चर्चच्या आवाराला अनेकदा छपराचे फाटक असते. पूर्वी शवपेटी त्या छपराखाली टेकवून पाळकाची वाट पाहिली जाई आणि अंत्यविधीचा आरंभ तिथेच होई. आत शिरल्यावर लगेच दाराकडे न जाता आधी जमिनीकडे पाहावे. शतकानुशतके त्याच जागेत दफने होत गेल्यामुळे आवाराची पातळी चढलेली असते आणि चर्च जमिनीत रुतल्यासारखे वाटते. आत जाताना दोन-तीन पायऱ्या उतराव्या लागतात त्या पुष्कळदा याच कारणाने. उघड्यावरचे कोरीव कबरदगड मुख्यतः सतराव्या शतकापासून पुढचे असतात, त्याआधीच्या सामान्य माणसांच्या कबरींवर टिकाऊ खूण क्वचितच असे. दगडांवर वाढलेली दगडफुले खरवडून अक्षरे वाचण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. विजेरीचा झोत बाजूने तिरपा टाकला की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

जवळजवळ प्रत्येक जुन्या चर्चची मांडणी पूर्व-पश्चिम असते. वेदी पूर्वेला आणि मनोरा बहुधा पश्चिमेला असतो, तर नेहमीचे प्रवेशद्वार दक्षिणेला असते. लोक जिथे बसतात त्या लांब दालनाला नेव्ह म्हणतात आणि वेदीच्या बाजूच्या, सहसा अधिक अरुंद व बुटक्या भागाला चॅन्सेल म्हणतात. नेव्हच्या बाजूंना खांबांच्या ओळीपलीकडे जोडलेल्या पडव्यांना आइल म्हणतात. एवढी तीन नावे सुरुवातीला पुरेशी आहेत.

आता दक्षिणेकडून निघून पश्चिम, उत्तर आणि पूर्व अशी इमारत उजव्या हाताला ठेवत पूर्ण प्रदक्षिणा करावी. आत जाण्याआधी बाहेरून फिरणे फार महत्त्वाचे आहे, कारण आतल्या भिंतींवर गिलावा असतो आणि बाहेरच्या भिंतीला काही लपवता येत नाही.

चालताना पहिल्यांदा दगड पाहावा. रेल्वेपूर्व काळात जड दगड दुरून आणणे अतिशय खर्चाचे असल्यामुळे खेड्यातील चर्च म्हणजे त्या भागाच्या भूगर्भाचा नमुनाच असतो. कॉट्सवोल्ड भागात पिवळसर चुनखडक दिसतो आणि हेरफर्डशरमध्ये लालसर वाळूचा दगड. नॉरफोक आणि सफोकमध्ये इमारतीचा चांगला दगड जवळपास मिळत नसल्याने भिंती चकमकीच्या गोट्यांच्या आहेत. तिथल्या कित्येक चर्चचे मनोरे गोल आहेत, आणि त्याचे एक कारण असे सांगितले जाते की चौकोनी मनोऱ्याच्या कोपऱ्यांना घडीव दगड लागतो व गोट्यांच्या गोल भिंतीला तो लागत नाही. एसेक्समध्ये दगडाऐवजी लाकूड मुबलक होते. ग्रीनस्टेड येथील चर्चच्या नेव्हची भिंत अकराव्या शतकातील ओकच्या उभ्या ओंडक्यांची आहे आणि ती आजही उभी आहे. काही ठिकाणी दगड दुसऱ्याच इमारतीतून आलेला असतो. डरहॅम परगण्यातील एस्कम्बचे सातव्या शतकातील छोटे चर्च जवळच्या रोमन किल्ल्याच्या दगडांनी बांधलेले आहे.

दगडानंतर सांधे शोधावेत. भिंतीत मध्येच एक उभी सरळ रेघ दिसली आणि तिच्या दोन बाजूंचे थर एकमेकांत गुंतलेले नसले, तर एक भाग दुसऱ्याला नंतर जोडला आहे असे समजावे. मनोऱ्याच्या पूर्वेकडील अंगावर, आजच्या छपराच्या वर, उलट्या ‘व्ही’सारखी दगडी कड दिसली तर ती पूर्वीच्या अधिक उतरत्या छपराची खूण असते. ते छप्पर बहुधा गवताचे किंवा लाकडी फळ्यांचे असावे, आणि शिशाचे पत्रे आल्यावर उतार कमी करून भिंती उंचावल्या गेल्या. भिंतीत ठरावीक अंतरावर लहान चौकोनी भोके किंवा ती बुजवल्याच्या खुणा असतील तर बांधकामाच्या वेळी परांचीचे वासे तिथे खोचलेले होते.

दक्षिणेच्या भिंतीवर, विशेषतः दाराजवळ, तळहाताएवढे अर्धवर्तुळ आणि मध्ये एक भोक कोरलेले आढळते. त्या भोकात काडी खोचून तिच्या सावलीवरून उपासनेची वेळ ठरवली जाई. पोर्च उभारल्यावर ते सावलीत गेले तर निरुपयोगी झाले, म्हणून पोर्चच्या आत अशी सावलीची घड्याळे सापडली तर पोर्च बहुधा नंतरचा आहे असे समजावे.

उत्तरेची बाजू नवखे लोक सोडून देतात आणि तिथेच चर्चचा सर्वांत जुना चेहरा सापडतो, कारण दर्शनी दक्षिण बाजूवर पैसा खर्च झाला आणि उत्तरेची भिंत तशीच राहिली. तिथे बुजवलेले दार दिसण्याची शक्यता मोठी आहे. ते सैतान बाहेर जावा म्हणून ठेवलेले दार होते अशी कथा ऐकायला मिळते. खरे कारण साधे आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंडचे चर्च पोपपासून वेगळे झाल्यावर, चर्चभोवतीच्या मिरवणुका बंद झाल्या, दाराचा उपयोग उरला नाही आणि गार वारे मात्र आत येत राहिले.

पूर्वेला आल्यावर चॅन्सेल आणि नेव्ह यांची तुलना करावी. दोघांचा काळ, दगड आणि दर्जा पुष्कळदा निराळा असतो, आणि त्याचे मूळ पैशाच्या वाटणीत आहे. मध्ययुगीन प्रथेप्रमाणे चॅन्सेलची दुरुस्ती रेक्टरकडे, म्हणजे गावाकडून चर्चसाठीचा मुख्य दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) घेणाऱ्याकडे असे, आणि नेव्हची दुरुस्ती गावकऱ्यांकडे. म्हणून श्रीमंत मठ रेक्टर असेल तर चॅन्सेल देखणे आणि नेव्ह साधा, तर लोकरीच्या व्यापाराने गाव श्रीमंत झाले असेल तर नेव्ह उंच आणि चॅन्सेल जुनाट, असे चित्र दिसते.

खिडक्यांवरून काळ ओळखणे

काळ ठरवण्यासाठी कमानी आणि खिडक्या पाहाव्यात. आज वापरात असलेली शैलींची नावे थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये रूढ केली. त्यांचा क्रम असा. १०६६ मधील नॉर्मन विजयापूर्वीचे सॅक्सन काम ओळखण्याची खूण म्हणजे लहानशा खिडक्या, क्वचित त्रिकोणी माथ्याची उघडणी, आणि कोपऱ्यात एक उभा व एक आडवा अशा रीतीने रचलेले लांब दगड. त्यानंतर साधारण ११९० पर्यंत नॉर्मन शैली येते. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी आणि त्यांवर करवतकाठी नक्षी ही तिची लक्षणे आहेत. हेरफर्डशरमधील किल्पेकच्या चर्चचे दक्षिणद्वार आणि छपराच्या कडेखालची कोरीव मुंडकी साधारण ११४० ची आहेत, आणि एवढ्याशा गावात इतके सजीव कोरीव काम पाहून कोणीही थबकेल.

बाराव्या शतकाच्या अखेरीस टोकदार कमान आली. तिच्या पहिल्या टप्प्याला अर्ली इंग्लिश म्हणतात. या काळातील खिडक्या उंच, अरुंद आणि टोकदार असतात व पूर्वेच्या भिंतीत पुष्कळदा तीन एकत्र असतात. मुंबईच्या वाचकांना या शैलीची कल्पना कुलाब्याच्या अफगाण चर्चवरून येईल. ते १८५८ मध्ये प्रतिष्ठापित झाले असले तरी त्याच्या रचनेत तेराव्या शतकातील इंग्रजी वळण मुद्दाम जपलेले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून खिडक्या रुंद झाल्या आणि त्यांच्या माथ्यावर वळणदार दगडी जाळी आली. ही डेकोरेटेड शैली होय. १३४८-४९ च्या प्लेगच्या भयंकर साथीत कित्येक गावांतील काम अर्धवट थांबले. पुन्हा हात लागला तेव्हा पर्पेंडिक्युलर शैली रूढ होत होती. तिच्यात खिडकीतील दगडी दांड्या थेट माथ्यापर्यंत सरळ जातात, कमानी चपट्या होतात आणि नेव्हच्या भिंतीच्या वरच्या भागात प्रकाशासाठी खिडक्यांची वेगळी रांग काढली जाते. ही शैली सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालली.

इथे दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. खिडकी भिंतीपेक्षा नवी असू शकते, कारण जुन्या भिंतीत मोठी खिडकी फोडणे हे भिंत पाडण्यापेक्षा स्वस्त होते. आणि एखादी खिडकी फार रेखीव, तिच्या कडा धारदार व सगळे दगड एकसारखे दिसत असतील तर ती एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीत जुन्या शैलीत नव्याने केलेली असण्याची शक्यता अधिक.

आत गेल्यावर

दाराला बहुधा मोठे लोखंडी कडे असते. ते ओढायचे नसून फिरवायचे असते. जड कडी उचलली गेल्याचा आवाज येतो आणि मग दार ढकलावे लागते. पुष्कळ लोक एवढ्यावरूनच दार बंद आहे असे समजून परत जातात. बाहेरच्या बाजूला जाळीचे दुसरे दार असेल तर ते आठवणीने लावून घ्यावे, कारण पाकोळ्या आत शिरल्या तर त्यांना पुन्हा बाहेर पडता येत नाही. दिव्यांची बटणे दाराजवळ असतात.

आत येताच चालू लागू नये. नेव्हच्या पश्चिम टोकाला उभे राहून डोळे अंधाराला सरावू द्यावेत. तिथे जवळच बाप्तिस्म्याचे दगडी कुंड असते, आणि पाहण्याची सुरुवात तिथूनच करावी, कारण सारी इमारत बदलली तरी गावाने आपले कुंड सहसा टाकून दिलेले नाही. साध्या पिंपाच्या आकाराचे कुंड नॉर्मन किंवा त्याहूनही जुने असू शकते. त्याच्या काठावर लोखंडी कड्यांचे तुकडे किंवा दगड उखडल्याच्या खुणा बोटांनी चाचपून पाहाव्यात. मंत्रलेले पाणी जादूटोण्यासाठी चोरले जाते या भीतीने १२३६ मध्ये कुंडांना झाकण व कुलूप घालण्याचा आदेश निघाला होता, आणि त्या कुलपांच्या या खुणा आहेत.

नंतर दोन्ही बाजूंचे खांब पाहावेत. उत्तरेचे खांब जाड व गोल आणि दक्षिणेचे सडपातळ व अष्टकोनी असतील, तर दोन आइल दोन वेगळ्या वेळी जोडले गेले असावेत. खांबांवरच्या भिंतीचा भाग ही मूळच्या छोट्या चर्चची बाहेरची भिंत असू शकते. तिला खालून कमानी फोडून पलीकडे जागा वाढवली गेली, आणि म्हणूनच कधी कधी कमानीच्या वर एखादी बुजलेली, आता कोठेच न उघडणारी जुनी खिडकी दिसते.

मध्ययुगात या भिंती रंगवलेल्या होत्या. दक्षिणेच्या दारासमोरच्या भिंतीवर बालख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर काढण्याची रीत होती, कारण त्याचे दर्शन घेतलेल्या माणसाला त्या दिवशी अकस्मात मृत्यू येत नाही अशी श्रद्धा होती. चॅन्सेलच्या कमानीवर अंतिम न्यायाचा देखावा असे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत ही चित्रे चुन्याने पुसली गेली, आणि त्या चुन्यानेच त्यांतली काही वाचली. ससेक्समधील हार्डमच्या छोट्याशा चर्चमध्ये बाराव्या शतकातील चित्रे एकोणिसाव्या शतकात चुन्याखालून पुन्हा उजेडात आली, आणि त्यांतील आदम व हव्वा आजही ओळखू येतात. अशा चित्रांना हात लावू नये आणि फ्लॅश वापरू नये.

नेव्ह आणि चॅन्सेल यांच्या मध्ये कोरीव लाकडी पडदा असेल तर तिथे थोडा वेळ द्यावा. त्याच्या वर पूर्वी सज्जा होता आणि सज्ज्यावर क्रूसावरील ख्रिस्ताची मोठी मूर्ती असे. मूर्ती सोळाव्या शतकाच्या मध्यास उतरवल्या गेल्या आणि सज्जे पाडण्याचा हुकूम एलिझाबेथ राणीच्या राजवटीत १५६१ मध्ये निघाला. सज्ज्याकडे जाणारा भिंतीतील अरुंद जिना मात्र बुजवायचे कोणी मनावर घेतले नाही, त्यामुळे वर जाऊन हवेतच संपणारे दार आजही कित्येक ठिकाणी दिसते. काही पडद्यांच्या खालच्या फळ्यांवर संतांची रंगीत चित्रे आहेत आणि त्यांचे चेहरेच तेवढे खरवडलेले आहेत.

चॅन्सेलमध्ये जायला हरकत नसते, पण वेदीभोवतीच्या कठड्यापलीकडे जाऊ नये. उजवीकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत छोटा कोनाडा आणि त्यात निचऱ्याचे भोक असलेले उथळ पात्र दिसेल. प्रभुभोजनाची, म्हणजे पाव व द्राक्षारसाच्या विधीची, भांडी त्यात धुतली जात आणि ते पवित्र मानलेले पाणी थेट जमिनीत जाई. असाच कोनाडा आइलच्या पूर्व टोकाला सापडला तर तिथे पूर्वी दुसरी वेदी होती हे कळते. त्याच्या शेजारी धर्मगुरूंसाठी दगडी आसने असू शकतात. चॅन्सेलच्या कमानीच्या बाजूला भिंतीतून तिरपे आरपार भोक असेल तर त्यातून बाजूच्या माणसाला मुख्य वेदी दिसावी अशी योजना होती.

धर्मसुधारणेनंतरचे चर्च चित्रांऐवजी अक्षरांचे झाले. दहा आज्ञांचे फलक, राजचिन्हाची चौकट, गरिबांसाठी ठेवलेल्या देणग्यांच्या नोंदी आणि उंच प्रवचनपीठ हे सारे त्या काळाचे आहे. १५३८ मध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक झाले आणि त्या नोंदवह्यांसाठी मजबूत कुलपांच्या पेट्या आल्या. अशी एखादी ओकची पेटी कोपऱ्यात आढळते, पण वह्या मात्र आता बहुतेक परगण्यांच्या अभिलेखागारांत असतात.

एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक चर्चची डागडुजी झाली. जुनी दारवाली बाके जाऊन पॉलिश केलेली सरळ बाके आली, फरशी रंगीत झाली आणि कित्येक ठिकाणी आतला जुना गिलावाही उखडून दगड उघडा केला गेला. या कामाला सरसकट नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. पडायला आलेली अनेक छपरे त्यामुळेच टिकली. परंतु उघडा दगड दिसला की तो मूळ रूप समजून हरखून जाऊ नये, कारण मध्ययुगातील माणसाने ती भिंत गिलाव्याविना पाहिलेलीच नव्हती.

भिंतीवरचे स्मृतिफलक सावकाश वाचावेत. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या यादीत एकच आडनाव तीनदा-चारदा येते तेव्हा गावाचा आकार आणि आघात दोन्ही समजतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेलेल्या माणसांचे फलकही अनेक ठिकाणी आहेत, आणि त्यांत आपल्या ओळखीची गावे आणि लढाया भेटू शकतात. सफोकमधील एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात तर पंजाबचे अखेरचे महाराजा दुलीपसिंग यांची १८९३ मधील कबर आहे.

मनोऱ्याखाली घंटांचे दोर लोंबत असतील तर त्यांना चुकूनही हात लावू नये. इंग्रजी पद्धतीत घंटा चाकावर बसवलेली असते आणि पूर्ण वर्तुळात फिरते. ती तोंड वर करून ठेवलेली असली तर दोराला बसलेला हलका हिसकाही माणसाला इजा करण्यास पुरेसा असतो. सहा घंटा असतील तर त्या एकही क्रम पुन्हा न येता ७२० वेगवेगळ्या क्रमांनी वाजवता येतात, आणि हे काम गावातील स्वयंसेवक आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी सराव करून पाठांतराने करतात. सरावाच्या वेळी गेल्यास ते आनंदाने दाखवतात.

एक उदाहरण: इंगलशम

वरीलपैकी बरेच काही एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर विल्टशरमधील इंगलशमच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जावे. लंडनहून स्विंडनपर्यंत रेल्वेने येऊन पुढे लेचलेडच्या दिशेने बसने किंवा टॅक्सीने जाता येते. चर्च अगदी लहान आहे आणि आजूबाजूला मोजकीच घरे आहेत. मनोरा नाही, पश्चिम टोकाला दोन घंटांची छोटी दगडी चौकट आहे. इमारत मुख्यतः तेराव्या शतकातील असली तरी तिचे मूळ सॅक्सन आहे, आणि दक्षिणेच्या भिंतीत बसवलेल्या सॅक्सन शिल्पात बाळाला घेतलेली माता आहे व वरून देवाचा हात आशीर्वाद देतो आहे. भिंतींवर मध्ययुगीन चित्रे आणि त्यांवर धर्मसुधारणेनंतर लिहिलेली वचने असे थर एकमेकांवर चढलेले आहेत. कित्येक जागी कोणता थर कोणता हे सहजी कळत नाही, आणि तरीही ते सोडवत बसण्यासारखा आनंद नाही. बाके जुनी, दारांची आणि उंचीला असमान आहेत, आणि प्रवचनपीठ सतराव्या शतकातील आहे.

हे सारे राहिले ते विल्यम मॉरिस यांच्यामुळे. जवळच्या केल्मस्कॉटला राहणाऱ्या मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली होती. जुन्याचे नवे करू नये, जे आहे ते दुरुस्त करून टिकवावे, हे तिचे तत्त्व होते. १८८८-८९ मध्ये इंगलशमची दुरुस्ती त्याच तत्त्वाने झाली, म्हणून इथे फरशी उखडली गेली नाही आणि गिलावा खरवडला गेला नाही. आता इथे नियमित उपासना होत नाही. वापरातून गेलेल्या ३५० हून अधिक चर्च सांभाळणारा चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट त्याची देखभाल करतो. इंगलशमनंतर जवळच्या फेअरफर्डला जावे. तिथल्या चर्चच्या २८ खिडक्यांतील रंगीत काचा साधारण १५०० नंतरच्या दोन दशकांतील असून जवळजवळ संपूर्ण टिकल्या आहेत, आणि मध्ययुगाच्या अखेरीस श्रीमंत गाव काय करू शकत होते ते या साध्या चर्चनंतर पाहिल्यावर अधिक कळते.

निघताना

वापरातील चर्चच्या रोजच्या खर्चाला सरकारी अनुदान नसते; छप्पर, वीज आणि विमा यांचा भार गावातील मोजक्या लोकांवर असतो. म्हणून दाराजवळच्या पेटीत किंवा कार्डच्या यंत्रावर आपल्या ऐपतीप्रमाणे चार-पाच पौंड अवश्य द्यावेत आणि माहितीपत्रक घेतल्यास त्याचे पैसे वेगळे टाकावेत. अभिप्रायवहीत नाव आणि गाव लिहावे, कारण दुरुस्तीनिधीसाठी अर्ज करताना किती लोक येतात हे दाखवायला ती वही कामी येते. दिवे बंद करून जाळीचे दार लावावे.

उपासना सुरू असताना पोहोचलात तर मागच्या बाकावर बसायला हरकत नाही. सगळे उभे राहतात तेव्हा उभे राहावे; प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहिले तरी कोणाला वावगे वाटत नाही. नंतर चहा असतो आणि परक्या माणसाला तो आग्रहाने दिला जातो.

घरी परतल्यावर हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या संकेतस्थळावरील संरक्षित इमारतींच्या यादीत त्या चर्चचे नाव शोधावे. प्रत्येक नोंदीत श्रेणी असते आणि बहुधा भागवार वर्णन व अंदाजे काळ दिलेला असतो. ही नोंद जाण्याआधी न वाचता आल्यावर वाचावी, आणि आपण ओळखलेले सांधे तिच्याशी ताडून पाहावेत. जिथे आपला अंदाज चुकला असेल तेवढीच जागा पुढच्या खेपेस पुन्हा जाऊन पाहिली, तरी पुरेसे आहे.